लाल झग्यातला पाहुणा

मुर्सिया, १२ मार्च १९५०

ती. रेमेताईस,
एन्कार्नाचा सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, पेंचोच्या संत्र्यांच्या ट्रकमधून पाठवते आहे. वाचून झालं की चुलीत घाल. मागचं तू जपून ठेवलंस असं पेंचो बोलला, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. हिनेस हे नाव कागदावर लिहायचीही भीती वाटते, म्हणून इथून पुढे नुसतं 'हे' लिहीन.

ताई, ह्यांच्या डोक्यात काहीतरी भरलंय गं. यादवीत आपली बाजू हरल्यावर ह्यांच्यासारख्या शाळामास्तरांची धरपकड सुरू झाली, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून कपाटामागे शिरले. त्याला आता अकरा वर्षं होतील. दोन भिंतींमधली ती आठ पावलांची जागा, हात पसरले तर दोन्हीकडे लागतात. गल्लीला वाटतं की ते डोंगरात मेले. मी काळे कपडे घालते, शिवणयंत्र चालवते, आणि आत बसून ते माझ्याबरोबर ईस्टरच्या आधीच्या बुधवारच्या मिरवणुकीचे लाल झगे शिवतात. लोक माझ्या हाताचं कौतुक करतात. निम्मे टाके ह्यांचे असतात.

आता म्हणतात, लेकीला, आपल्या फ्वेनसांताला, सांतिकेला बघायचंय. अडीच वर्षांची पोर भिंतीकडे बोट दाखवून बाबा-बाबा करायला लागली म्हणून आपण तिला उचलून तुझ्याकडे वालेन्सियाला ठेवली, त्यानंतर ह्या घरात तिला पाऊल टाकू दिलं नाही. ईस्टरचा तिचा फ्रॉक दरवर्षी हेच शिवतात, तू पाठवलेल्या मापावर. परवा ते माप मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले की पोरीची कंबर मला माहीत आहे, बाही माहीत आहे, चेहरा माहीत नाही. मी फोटो पुढे केला तर बघेनातच.

बेत असा. तुम्ही सगळे ईस्टरला पाहुणे म्हणून या, ब्लासदाजींच्या आईकडे उतरा. दाजी लहानपणापासून त्या मिरवणुकीत चालतात. बुधवारी झगा दुरुस्त करून घ्यायला म्हणून ते इकडे येतील, कपाटामागे बसतील, आणि त्यांच्या झग्यात, तोंडावर टोकदार बुरखा ओढून हे बाहेर पडतील. बुरख्याआड बोलायचं नसतंच, म्हणजे आवाजाचा प्रश्न नाही. मी नाही म्हटलं तर म्हणाले की मग आपण होऊन गार्डच्या ठाण्यावर जाऊन उभा राहतो. आणि जातील गं, मी ओळखते ना त्यांना.

धरले तर ह्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालतील, मला तुरुंग आणि पोरीला अनाथाश्रम. तू नाही म्हण. तुझं ते ऐकतात. भ्यालेल्या बहिणीवर माया आहेच, ती थोडी वाढव.

तुझी,
एन्कार्ना

---

वालेन्सिया, २१ मार्च १९५०

चि. एन्कार्नास,
रेमेताईचे अ. उ. आ.

पत्र चुलीत घातलं. मागचंही घातलं होतं, तुझ्या गळ्याची शपथ. त्या पेंचोला म्हणावं संत्री वाहा, गोष्टी वाहू नकोस.

मी 'नाही' असं ठणकावून पत्र लिहिलं होतं. मग संध्याकाळी सांतिका शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि मान वाकडी करून भाकरीचा तुकडा मोडला. हुबेहूब हिनेस! मला रडू आलं आणि मी ते पत्र फाडलं. बघू दे त्याला. पण एन्कार्ना, मला ह्यात धोका दिसतो, हे तुला सांगून ठेवते.

आमच्या ब्लासला सांगितलं, तर तो म्हणाला की अकरा वर्षं बायकोच्या जिवावर बसून खातोय, वर मिरवणूक हवी! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाला की त्यात काय, आत पडून मस्त झोप काढीन.

आता नीट ऐक. ब्लासचं पोट त्याच्या आधी कोपऱ्यावर पोचतं, आणि हिनेस म्हणजे काडी. म्हणून मिरवणुकीतले लोक झग्यात खाऊ भरून रस्ताभर वाटतात, त्या आपल्याकडच्या रिवाजाचा फायदा घ्यायचा. झग्याच्या छातीत, कमरपट्ट्याच्या वर, उकडलेली अंडी, हिरव्या शेंगा, साखरेच्या गोळ्या ठासून भर. पोट तयार. पण त्याला बजाव, वाटायचं नाही! जितकं वाटेल तितकं पोट जाईल. शिवाय ब्लासच्या मुठीतून गोळी सुटत नाही हे अख्ख्या मुर्सियाला ठाऊक आहे. एकच अंडं द्यायचं, सांतिकेला. मी तिला घेऊन औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहीन.

आणि त्याला चालायची सवय करायला सांग. मी रोज सकाळी मेणबत्ती लावते. तूही धीर धर, मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी,
रेमेताई

---

वालेन्सिया, १३ एप्रिल १९५०

चि. एन्कार्नास,
अ. उ. आ.

पाच दिवस तिथे होते, पण तुझ्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत. पोर सारखी पदराला, आणि सासूबाईंचे कान तिसऱ्या घरापर्यंत जातात. म्हणून घरी आल्याबरोबर लिहायला बसले.

मी त्याला लांबूनच ओळखलं. ऊन अजून उतरलं नव्हतं, ढोल वाजत होते, लाल बुरख्यांची रांग येत होती आणि त्यातला एक बुरखा दर आठ पावलांनी अडखळत होता. आठ पावलं, आणि पाय थबकायचा, मागे वळायला बघायचा. मागचा माणूस येऊन आपटायचा. मग पुन्हा आठ पावलं.

त्यात तो वाटायला लागला. एका पोराने हात पुढे केला, त्याला गोळी. मग दुसऱ्याला, मग दोन्ही हातांनी. बायका ओरडायला लागल्या की ब्लासला काय झालं, मरायला टेकला की काय! पोरं धावत सुटली. आणि ताजं-ताजं भरलेलं ते पोट माझ्या डोळ्यांदेखत खाली बसत चाललं. आमच्या कोपऱ्यापर्यंत पोचला तेव्हा झगा नुसता लोंबत होता.

कोपऱ्यावर कोण उभं होतं माहीत आहे? तुमच्या पलीकडच्या गल्लीतला हवालदार लेआंद्रो. तीनकोनी टोपी, कडेवर लेक. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला की ब्लास, उपास मानवलेत की तुला, काय बारीक झालायस! हिनेसने त्याच्या लेकीला अंडं दिलं, हवालदाराच्या तळहातावर एक ठेवलं. मग तो सांतिकेपुढे आला.

अंडं तिच्या हातात दिलं, पण हात सोडेना. मी जपमाळेचे सात मणी ओढले तरी सोडेना. मागची रांग तुंबली. बुरख्याची भोकं तिच्या तोंडावर, आणि ती खाली, त्याच्या हाताकडे बघत होती. लेआंद्रो पुढे सरकला आणि विचारायला लागला की ह्याला बरं नाही की काय, बुरखा काढून जरा वारा घालू या.

तेव्हा माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी पुढे झाले आणि नवऱ्याला घालतात तशा शिव्या घातल्या. दारुड्या मेल्या, आजच्या दिवशीसुद्धा ढोसलीस का, घरी ये मग बघते तुझ्याकडे, असं म्हणून दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या गं. लोक हसले, लेआंद्रो तर डोळे पुसेपर्यंत हसला, आणि रांग पुढे सरकली. मीही हसले. मग दुकानामागे जाऊन ओकले.

सांतिका मात्र त्या दिवसापासून गप्प आहे. अंडं रुमालात बांधून ठेवलंय, खात नाही. परतीच्या गाडीत ब्लास संत्रं सोलत होता तर एकटक त्याच्याकडे बघत होती. मला ह्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटते. तिला काही कळलं असेल, तर अकरा वर्षांच्या पोरीच्या पोटात ते किती दिवस राहणार? उत्तर लवकर दे, आणि जिवाला जप.

तुझी,
रेमेताई

---

मुर्सिया, १९ एप्रिल १९५०

ती. रेमेताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. तू ढकललं नसतंस तर!

हे आले तेव्हा दोरीच्या चपला रक्ताने चिकटल्या होत्या. तळवे बाळासारखे मऊ झालेत, त्यांना रस्ता कुठला सोसायला. पाय पाण्यात सोडले आणि मोठ्याने हसायला लागले! अकरा वर्षांत ह्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी ह्यांचं तोंड दाबलं. वाटू नका म्हणून पढवलं होतं ना, असं विचारलं तर म्हणाले की पोरं हात पुढे करत होती, अकरा वर्षांत कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दाजींचं तुला कळलं नसेल. अर्ध्या तासातच आतून हळूहळू टकटक करायला लागले, सोड म्हणून. आणि इथे शेजारीण झगा उसवायला घेऊन बसलेली. मी यंत्र जोरात चालवत राहिले. ती गेल्यावर कपाट सरकवलं तर दाजी पिठासारखे पांढरे. काल पेंचोबरोबर त्यांनी आपली पिसांची गादी पाठवली आहे, त्या जागेच्या मापाने कापून.

पण खरी गोष्ट पुढेच. गुरुवारी दारावर थाप, आणि उंबऱ्यात लेआंद्रो! ताई, मी देवाला म्हटलं, संपलं. तर त्याला पुढच्या वर्षी मिरवणुकीत चालायचंय, झगा हवा. कपाटापासून हातभर अंतरावर उभा राहिला, मी माप घेतलं, फीत दोनदा हातातून सुटली. म्हणाला की एन्कार्ना, तू हल्ली फार थकतेस. आता त्याचाच झगा हे आत बसून शिवतायत.

सांतिकेला काही विचारू नकोस. विचारलं की पोर विचार करते. आम्हां दोघांवर, तिघांवर तुझी पाखर राहू दे.

तुझी,
एन्कार्ना

---

वालेन्सिया, २४ एप्रिल १९५०

ती. आईस,
फ्वेनसांताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः टपालात टाकते आहे. मावशीला सांगितलेलं नाही.

ईस्टरचा फ्रॉक सगळ्यांना आवडला. शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टरनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या की ह्यातले काही टाके दुसऱ्या बाजूला कलतात, शिवणारा डावखुरा आहे. मी म्हटलं की हो, माझी आई डावखुरी आहे. हे खोटं आहे. तू उजव्या हाताने भाकरी कापतेस. पाद्रीबाबांना मी हे सांगितलेलं नाही, तुलाच सांगते.

ब्लासकाकांनी मला अंडं डाव्या हाताने दिलं. त्यांचा हात खूप पांढरा होता आणि बोटाला सुईची भोकं होती. गाडीत ब्लासकाकांनी उजव्या हाताने संत्रं सोललं. मावशी विचारते गप्प का, तर मी दाढ दुखते म्हणून सांगते. मी कुणालाच काही विचारणार नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच कोपऱ्यावर उभी राहीन. काकांना सांग की लोकांना वाटून पोट रिकामं करू नका, झगा लोंबतो आणि सगळे बघतात.

मावशी फक्त कमरेचं आणि बाहीचं माप पाठवते. म्हणून मी एक दोरा पाठवते आहे. हा माझ्या टाचेपासून डोक्यापर्यंत आहे. खांद्यापाशी गाठ मारली आहे.

तुला आणि तुझ्या डाव्या हाताला माझा नमस्कार.

तुझी,
सांतिका

---

मुर्सिया, २९ एप्रिल १९५०

ती. रेमेताईस,
सा. न. वि. वि.

पोरीचं पत्र आलं, उघड टपालाने. सोबत पाठवते, वाच आणि जाळ. हे मात्र खरंच जाळ. पाकीट कुणी फोडलं नव्हतं, मी उजेडात धरून दहादा पाहिलं. आता एक जास्त माणूस घाबरायला आहे, आणि तेही अकरा वर्षांचं. मला भीती वाटते ताई, पूर्वीपेक्षा जास्त वाटते. तिला जवळ घे, पण विचारू नकोस.

दोरा ह्यांनी आत, टोकाच्या भिंतीवर खिळ्याला बांधलाय, टाचेचं टोक बरोबर जमिनीला लागेल असा. खांद्याच्या गाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. सकाळी ह्यांच्या येरझारा मला कपाटाआडून ऐकू येतात, इतकी वर्षं मोजत आले आहे. आठ पावलं आणि वळायचे. आता सातच पावलं ऐकू येतात. आठव्या पावलाच्या जागी सांतिका उभी आहे म्हणतात.

तुझी,
एन्कार्ना