धूर

प्रिय गौतमी,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवार, १० जानेवारी. संध्याकाळी आईने अंगणातल्या चुलीतले निखारे घमेल्यात काढले. धूर पूर्ण थांबेपर्यंत घमेलं बाहेर ठेवलं, मग आत घेतलं.
२. खोली पत्र्याची, दहा बाय दहा. एकच खिडकी, तीही पोत्याने बुजवलेली. आत आई आणि पाच दिवसांची दोन करडं.
३. रविवारी सकाळी सहाला आबांनी दार ढकललं. करडं मेलेली होती. आई हाकेला ओ देत नव्हती.
४. १०८ ची गाडी वाडीपर्यंत चढत नाही. आबांनी आणि चुलत्यांनी आईला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं.
५. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. मंगळवारी घरी सोडलं.
६. मधल्या सोमवारी साडेदहाला मी ग्रामपंचायतीत आले आणि चार माणसांसमोर तुला बोलले.

सहाव्या मुद्द्याकडे मी येणार आहे, पण आधी बाकीचं.

आई आता बरी आहे. डोकं दुखतं, पण ते मान्य करत नाही. काल मी तिसऱ्यांदा समजावलं की निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करडं गारठ्यानं मेली. तू कंपनीत मशिनी तपासतीस, शेरडं न्हाई.” मी ज्या मशिनी तपासते त्या हाच वायू ओळखतात. घोटावड्याच्या कारखान्यात दिवसाला चाळीस तपासते. त्यातली एक मी आता घरी लावली आहे. आईने त्या मशिनीवर फडकं टाकलं, कारण लाल दिवा डोळ्यांवर येतो. आबांना विचारलं तर म्हणाले, “तुझ्या आईला मी काय सांगणार? मी बाहेर झोपतो.” हे त्यांच्या मते उत्तर आहे.

ग्रामपंचायतीबद्दलही लिहिते, कारण राग अजून गेलेला नाही. तुमच्या कार्यालयाने थंडीसाठी वाटलेल्या पत्रकावर लिहिलं होतं की थंडीत शाळेची एक खोली निवाऱ्यासाठी उघडी राहील. शनिवारी दुपारी आबा शेरडांमागून येताना शाळेवरून आले. कुलूप होतं. किल्ली शिपाई नरहरीकडे आणि नरहरी मेहुण्याच्या लग्नाला. ब्लँकेट वाटली, पण वाटपाचा फोटो नीट आला नाही म्हणून आमच्या वाडीतल्या बायकांकडून ती परत गोळा केली आणि त्यांना पुन्हा घ्यायला लावली. आई अजून सांगते, “दोनदा दिलं आन् एकच घावलं.” पत्रकावरच्या आरोग्य उपकेंद्राच्या नंबरात एक आकडा कमी आहे. नऊ आकड्यांचा फोन मी तरी लावून पाहिलेला नाही.

पण आईला यातल्या कशाने इजा झाली नाही. तिला पत्रकातल्या एका ओळीने झाली: ‘बंद खोलीत धूर कोंडू देऊ नये.’ तू स्वतः वाडीवर येऊन हे बायकांना वाचून दाखवलंस, हे मला ठाऊक आहे. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर आई पहिलं वाक्य हेच बोलली, “मी धूर जाऊस्तर भाईर ठिवलं व्हतं घमेलं. गौतमीनं सांगितलं तसंच केलं.” सगळ्या वाडीत पत्रक अक्षरशः पाळणारी एकच बाई निघाली आणि ती माझी आई. धूर कोंडला असता तर ती खोकून उठली असती, दार उघडलं असतं. तिने धूर घालवला आणि जे दिसत नाही तेवढं आत घेतलं.

म्हणून मी सोमवारी तशी आले. टेबलावर पत्रक आपटून म्हणाले की हे लिहिणाऱ्याला शेकोटी आणि शेगडीतला फरक तरी कळतो का. तू कागद सरळ केलेस आणि आईबद्दल एवढंच विचारलंस, “तुकाकाकू कशी हाय?” मी उत्तर न देता निघाले.

पायरी उतरताना मला आठवलं. २ डिसेंबरला तू कच्चा मजकूर मला पाठवला होतास, इंजिनिअर आहेस, तपासून दे म्हणून. मी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत तपासला. तुझी ओळ होती: ‘निखाऱ्याचं घमेलं घरात नगं, मग धूर असो नसो.’ मी ती खोडली. खाली लिहिलं की ही भाषा शासकीय वाटत नाही. वायूचं नाव लिहिलं तर लोकांना कळणार नाही असं मीच ठरवलं आणि त्या जागी ‘धूर’ लिहिला. तो मेसेज तुझ्या मोबाइलमध्ये होता. त्या चार माणसांसमोर तू तो दाखवू शकली असतीस. मला आठवल्यावरही मी परत पायऱ्या चढून आत आले नाही. पाच दिवस फोनही केला नाही, कारण फोनवर मी कारणं दिली असती.

ती ओळ माझी होती. हे मी ग्रामसेवकांना वेगळं लिहून दिलं आहे, तारखेसह. सोबत तुझी मूळ ओळ जोडली आहे, एकही अक्षर न बदलता. आता एक मागते. शुक्रवारपासून पुन्हा थंडी वाढणार आहे आणि आईने घमेलं घासून चुलीपाशी उपडं ठेवलं आहे. माझं ती ऐकणार नाही. घंटागाडी सकाळी खाली डांबरी रस्त्यावर, वाडीच्या वळणावर थांबते तेव्हा भोंग्यावर जे वाजतं ते मात्र ती हातातलं काम थांबवून ऐकते. ती ओळ तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून गाडीवर लावशील का? माझ्यावर रागावली असशील तरीही. हो किंवा नाही, मला गुरुवार, २२ जानेवारीपर्यंत कळव.

तुझीच,
वैभवी