चारच्या ठोक्याला येणारा कंदिल्या

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. गुडघे आता तेवढे वाकत नाहीत, आणि वाकलेच तर उठवायला माणूस लागतो.) वहिनींनाही नमस्कार. तुझा खांदा कसा आहे, वहिनींची पाठ काय म्हणते, आणि तू अजून उठल्या उठल्या खिडकीची काच पुसतोस का, हे सगळं सविस्तर कळव. इकडे सर्व ठीक. माझी साखर थोडी वर, नजर थोडी खाली, मधलं सगळं जागच्या जागी आहे. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी कोण गेलं ते शोधशील, म्हणून लगेच सांगून टाकतो की कुणीही गेलेलं नाही. मला फक्त एक विचारायचंय. रोज दुपारी चार वाजता आभाळातून उडत येऊन माझ्याशी मारामारी करतो, तो तूच का?

पत्र खाली ठेवू नकोस. डोकं ठिकाणावर आहे. पहिल्यापासून सांगतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, पण चण एवढीशी, म्हणून अख्खी इमारत तिला चिमणी म्हणते. ती कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. सध्या तिच्या ऑफिसात महाबली लोकांच्या मारामारीचा खेळ चाललाय. एक मोठं शहर आहे, त्यात अंगाला घट्ट कपडे आणि पाठीला झूल लावलेली माणसं उडतात आणि एकमेकांना इमारतींवर आपटतात. या शहरातल्या दुकानांच्या पाट्या चिमणीला हाताने रंगवलेल्या हव्या होत्या. कॉम्प्युटरची अक्षरं म्हणे फार शहाणी दिसतात. मला विचारलं, मी चौदा पाट्या रंगवून दिल्या, त्यांचे फोटो खेळात चिकटवले. तेवढ्यावर मी घरी यायचं होतं. पण तिने विचारलं, काका, खेळूनही बघता का, पडद्यावर पाट्या कशा दिसतात ते सांगा. झालं. तेव्हापासून रोज दुपारी मी कामावर जातो. (दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. इथे मी ‘सल्लागार’ म्हणून सांगितलंय.)

ती खोली तुला एकदा दाखवायला हवी. जाड पडदे, जाड गालिचा, पायाचा आवाज म्हणून नाही. कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आहे, ते मधूनच सुस्कारा टाकतं. चार कोच, चार पडदे, आणि कोचावर माझ्यासारखे पारखायला बोलावलेले लोक. एक रजेवरचा बस ड्रायव्हर, एक दातांची डॉक्टरीण, एक कॉलेजातला उंच पोरगा, आणि चौथा मी. खेळून झालं की एक कागद भरायचा. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं काढलेली असतात, कसं वाटलं त्या तोंडावर खूण करायची. (तिसरं तोंड डावीकडे कललं होतं. मी दुरुस्त करून दिलं. त्यावर त्यांनी मीटिंग घेतली.)

आता खेळ एकच, पण प्रत्येकाला निराळाच दिसतो बघ. डॉक्टरीणबाई फक्त जबड्यावर मारतात. पोटावर मारायचं बटण आहे असं सांगितलं, तर म्हणाल्या, तो माझा विषय नाही. खेळात एक आडदांड बाई आहे, ती रागावली की बस उचलून फेकते. (सगळ्यांची नावं जिभेला पीळ पाडणारी, म्हणून मी आपली ठेवलीत. हिला मी मावशी म्हणतो. आपली मावशी आठव, का ते कळेल.) मावशीने पहिली बस फेकली तेव्हा ड्रायव्हर उठून उभा राहिला. कागदावर त्याने लिहिलं की बस फेकू नये, फेकायचीच तर रिकामी फेकावी, आणि आधी घंटी द्यावी. तो स्वतः उडताना सुद्धा प्रत्येक थांब्यावर जरा वेग कमी करतो. त्यात रोज मार खातो, पण सवय कुठे जाते? कॉलेजच्या पोराला मात्र खेळ अजिबात पसंत नाही. त्याचं म्हणणं, सगळे फार सावकाश उडतात, हवेत गेलं की झोप येते.

मला तेच आवडलं, दादा. माझ्या गड्याला निळी झूल आहे, त्याला मी निळोबा म्हणतो. पहिल्या दिवशी घाबरून माझ्या हातातून रिमोट सुटला, आणि मला वाटलं, पडला निळोबा खाली. तर पडला नाही. बटणं सोडली की तो तिथेच राहतो, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. झूल हळूहळू हलते. खाली गच्च्या, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, रस्त्यावर मुंगीएवढी माणसं, आणि आवाज फक्त वाऱ्याचा. एक ढग येतो, त्यात सगळं पांढरं होतं, मग तो जातो आणि शहर पुन्हा जागेवर असतं. आयुष्यभर आपण बांबूच्या परांचीवर उभं राहून, शिडीला एक पाय अडकवून उंचावर काम केलं, पण उंचावर नुसतं असायला कधी मिळालंय का आपल्याला? मी तसाच तरंगत बसलो. लागोपाठ नऊ वेळा मार खाल्ला, आणि नऊही वेळा सगळ्यात हसऱ्या तोंडावर खूण केली. चिमणी म्हणाली, काका, निदान एकदा हात तरी उगारा. मी म्हटलं, उद्या बघू.

तर दुसऱ्या आठवड्यापासून चार वाजता तो येऊ लागला. पडद्यावर अक्षरं येतात, ‘समोरचा खेळाडू येत आहे’, आणि मग पूर्वेकडून छातीत दिवा असलेला एक गडी तरंगत येतो. मी त्याला कंदिल्या म्हणतो. चिमणीने आधीच सांगितलं होतं की काही घरांत हा खेळ खेळून बघायला पाठवलाय, तिथले लोक आपापल्या घरी बसूनच इथल्यांशी भिडतात. मी म्हटलं, असेल कुणी. पण हा निराळा निघाला. मारायची घाई नाही. येतो, एक चापट मारतो, मी एक मारतो (मारायला लागलो होतो एव्हाना), आणि मग दोघं बराच वेळ हवेत नुसते थांबतो. त्यानंतर तो तीन पावलं मागे जातो. मोजून तीन. थांबतो. मग एक पाऊल पुढे.

माझ्या हातातली कॉफी थंड झाली. साऱ्या दुनियेत असा मागे जाणारा माणूस मी एकच पाहिलाय. अक्षर भरून झालं की कुंचला आडवा धरून तीन पावलं मागे, एक डोळा बारीक, मग एक पाऊल पुढे. परांचीवर तीन पावलांची जागा नसते हे तू दोनदा विसरला होतास, आणि दोन्ही वेळा खाली कापडवाल्याचा मांडव होता म्हणून आज तुला पत्र लिहितोय.

आणि तो जातो तरी कशासमोर? माझ्या चौदा पाट्यांपैकी एकाच पाटीसमोर, औषधांच्या दुकानाच्या. मावशीने एकदा तिकडे बस भिरकावली, तर कंदिल्या मध्ये पडला. स्वतः चिरडला गेला, पाटीला ओरखडा नाही. आता सांग, मी काय समजायचं? तुझ्या नातवाकडे असले खेळ आहेत हे आतेबहिणीने सांगितलंय, आणि तू दुपारी झोपत नाहीस हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

ती पाटी कुठली हे तुला सांगायला नको. चिमणीने म्हटलं, पहिली मनात येईल ती रंगवा, तर तीच आली. खरं तर सगळ्या पाट्यांतली तीच विसरायला हवी होती. आपण काम सुरू करताना तू नेहमी विचारायचास, ‘सावली कुठं?’ मी सांगायचो किंवा तू ठरवायचास, मग दोघं सगळ्या अक्षरांना एकाच बाजूला सावली द्यायचो. त्या दिवशी चहावरून आपली काहीतरी कुरबुर झालेली. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तू त्या टोकाला, मी या टोकाला. संध्याकाळी मध्यावर भेटलो तेव्हा माझ्या अर्ध्या पाटीची सावली उजवीकडे, तुझ्या अर्धीची डावीकडे. रस्त्यावर गर्दी जमली. औषधवाला म्हणाला, माझ्या दुकानाला दोन सूर्य लावलेत. तू म्हणालास, धाकट्याने बदलावी. मी म्हटलं, थोरल्याने बदलावी. तू कुंचले गुंडाळलेस ते गुंडाळलेसच.

आज एक कबूल करतो. उजवीकडे सावली देण्यामागे माझं काही शास्त्र नव्हतं. तू डावीकडे द्यायचास, म्हणून मी उजवीकडे. मला तुझ्यापेक्षा काहीतरी वेगळं यायला हवं होतं, आणि दुसरं काही येत नव्हतं.

चिमणीने ही पाटी घेताना सांगितलं की सावली काढूच नका, ती कॉम्प्युटर टाकेल. मला राग आला होता. (दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.) पण या खेळातला दिवस बारा मिनिटांचा आहे. मारामारी सोडून पाटीसमोर तरंगत राहिलं तर अख्खा दिवस बघता येतो. सकाळी ऊन डावीकडून येतं, तेव्हा सगळ्या अक्षरांची सावली उजवीकडे पडते, माझ्यासारखी. मग ती आखडत जाते. दुपारी सावलीच नसते, अक्षरं नुसती उभी असतात. आणि दिवस कलला की ती हळूच डावीकडे उतरते, तुझ्यासारखी, अगदी जाडीसुद्धा तेवढीच. मी आणि कंदिल्याने असे किती दिवस पाहिले असतील कोण जाणे. बाजूला डॉक्टरीणबाई जबडे मोडत होत्या, ड्रायव्हर थांबे घेत होता, आणि आम्ही दोघं आपले हवेत, शेजारी शेजारी, सावली फिरताना बघत. मला फार बरं वाटत होतं, दादा. अकरा वर्षांत इतका वेळ आपण एकत्र बसलो नव्हतो.

तेव्हा तो तूच असशील तर उलट टपाली कळव. लाज वाटत असेल तर उद्या चार वाजता नुसती माझ्या पाठीत एक चापट मार, मी समजून घेईन. वहिनींना सांग, तब्येत सांभाळा. लहानांना आशीर्वाद, मोठं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझा धाकटा

ता. क. निळोबाच्या झुलीचा निळा जरा कच्चा आहे. तू असतास तर त्यात थेंबभर काळा घातला असतास. मी सुचवलं, त्यावरही मीटिंग आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात चिमणी खाली आली. तिला मोठ्या आनंदाने तुझं सांगितलं. ती म्हणाली, काका, चार वाजता कुणीच नसतं हो. मी रोज मार खातोय हे तिला बघवेना, म्हणून तिने माझ्यापुरता मशीनचाच एक गडी ठेवला होता. त्याला एका चापटीपलीकडे मारामारी शिकवायला वेळ नव्हता, म्हणून पहिल्या आठवड्यातलं माझंच खेळणं त्याला दाखवलं, आणि तो ते बघून शिकला. तीन पावलं मागे, एक पुढे, पाटीपुढे आडवं येऊन मार खाणं, सगळं माझंच. मी असा मागे जातो हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ जिन्यात बसलो. मी हे शिकलो कुणाकडून, हे तिने विचारलं नाही, ते बरं झालं. पत्र फाडणार होतो, पण पाकिटावर तुझं नाव घालून झालं होतं आणि अक्षर चांगलं जमलं होतं.

ता. क. तिसरा. खरं काम राहिलंच. औषधवाल्याची ती पाटी अजून तशीच आहे, पत्रा मात्र गंजलाय. तो म्हणतो, महिनाअखेरीपर्यंत दोघांनी मिळून रंगवली तर ठीक, नाहीतर छापील पाटी आणून लावतो. एकट्याला देत नाही. मलाही एकट्याने करायची नाही. सरळ रेघेसाठी खडूची दोरी मारायला दोन टोकं धरावी लागतात, आणि मी अकरा वर्षं दुसरं टोक खिळ्याला बांधतोय. खिळा काही बोलत नाही. शिडी मी धरीन, तू वर चढू नकोस, हल्ली खाली मांडव नसतो. फक्त या वेळी आधी मी विचारून ठेवतो, म्हणजे घोटाळा नको.

सावली कुठं?