ताईच्या पाठीचा साचा

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खुर्ची निघाली गं बाई एकदाची! गेल्या वर्षी तुला ओल्या प्लास्टरमध्ये बसवून साचा घेतला, तेव्हा मेल्या मेल्या म्हणत होतीस. त्यावरूनच आमच्या कारखान्यानं लाकडाचे पातळ थर वाकवून ही केली. प्रदर्शनात लोक उठायलाच तयार नव्हते. पहिली खुर्ची तू काम करतेस त्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानी पाठवली आहे. लहानपणच्या तापानं तुझी कंबर कलली, म्हणून बाबांनी एक पाय कापून तोकडा केलेलं ते स्टूल आता चुलीत घाल.

लोभ आहेच, थोडा खुर्चीवरही कर.
तुझा धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

खुर्ची पोचली. देखणी आहे हो! मालक दोनदा हात फिरवून गेले. स्टूल जाळलं. फक्त भिंग लावून वाकलं की मी डावीकडे घसरते, मग एका हातानं टेबल धरावं लागतं. काल एक स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही. मालक बघत होते. साचा माझाच ना रे?

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ असू दे.
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

आठ दिवस लिहायला बसतो आणि उठतो. साचा तुझाच होता. कारखान्याच्या भिंतीवर एका बिनचेहऱ्याच्या माणसाचा तक्ता आहे, दोन्ही बाजू मोजून सारख्या. सगळं त्याच्या मापानं होतं. साहेबांनी साचा त्याच्याशी ताडून पाहिला आणि म्हणाले, कललेली खुर्ची घेणार कोण? ते नुसतं बोलले गं. साच्याचा डावा उंचवटा कानशीनं मी घासला. घासताना वाटलं, तुलाही सरळ बसता येईल. देवाशपथ वाटलं. तू म्हणशील त्या रविवारी प्लास्टर घेऊन येतो, पुन्हा माप घेऊ.

लोभ मागायला तोंड नाही.
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेतच, आज लिहवत नाहीत.

मी सरळ बसेन असं तुला वाटलं, हे वाचून पत्र खालीच ठेवलं. डॉक्टरांना, शाळेतल्या बाईंना, आत्याला, सगळ्यांना जन्मभर तेच वाटत आलं. एका बाबांना नाही. त्यांनी मुकाट्यानं स्टुलाचा पाय कापला. आणि तेच मी तुझ्या शब्दावर जाळलं, अक्कल गहाण ठेवून.

सोमवारपासून मला काम नाही. हातून तीन घड्याळं बिघडली, तेव्हा बावीस वर्षांनी मालकांनी हात जोडले. खुर्ची तिथंच ठेवली, घरी आणून करू काय? हत्यारं आणायला गेले तर नवा कारागीर तिच्यात आरामात टेकून बसलेला. मला म्हणतो, काय खुर्ची आहे हो, कुणाच्या पाठीवरून केली असेल! मी भिंग आणि चिमटे उचलले आणि निघून आले. रस्ताभर रडले.

माझा राग गेलेला नाही. तरी रविवारी ये. प्लास्टर आणू नकोस. माळ्यावर बाबांची करवत आहे, ती काढून स्वयंपाकघरातल्या जुन्या खुर्चीचा पाय काप. किती कापायचा ते मी बसून सांगेन.

लोभ आहे, काय करू.
ताई