पुढची खोली जानराव रंगारी यांना

मी, सौ. ललिता जानराव रंगारी, वय अठ्ठावन्न, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम, माजी पार्षद म्हणजे नगरसेविका, राहणार कुरुद, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतः सांगून आणि स्वतः वाचून लिहून देत आहे. पुढच्या आठवड्यात रायपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिले, माझ्याकडे नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने मी हे करत नाही. नावाआधी सौ. लावायचे का, असे वकीलबाई मोनाली यांनी पुन्हा पुन्हा विचारले. लावा. नवरा हयात आहे आणि फारकत झालेली नाही, एवढेच त्यावरून समजावे.

१. कुरुद येथील माझे राहते घर माझ्या एकटीच्या नावावर असून शिलाईच्या कमाईतून बांधलेले आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही. माझ्यानंतर ते माझी मुलगी संघमित्रा हिच्या मालकीचे होईल. मुलगा अमरदीप याचे रिसालीत घर आहे. ते घेतेवेळी माझे दागिने त्याला दिले, म्हणून इथे त्याचा वाटा ठेवलेला नाही. त्याने मनाला लावून घेऊ नये. लावून घेतले तरी हे कलम असेच राहील.

२. घर संघमित्राचे असले तरी रस्त्याकडची पुढची खोली माझे पती जानराव रंगारी यांना ते जिवंत असेपर्यंत राहण्यासाठी द्यावी. त्यांना तिथून कोणी उठवू नये. खोली विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. त्यांचे खाणेपिणे, औषधपाणी संघमित्रा पाहील.

हे कलम ऐकून संघमित्रा ताटावरून उठली. "आई, ज्या मानसानं तुह्याविरुद्ध गल्लोगल्ली प्रचार केला, त्याले तू घरात घेऊन राहिली?" असे ती म्हणाली. वस्तीतले लोकही विचारतील. म्हणून कारण इथेच नोंदवून ठेवते.

मी भंडारा जिल्ह्यातून लग्न होऊन इथे भिलाईजवळ चरोद्याला आले. जानराव रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे काम. ड्यूटी संपली की अंगावरचे कपडे न बदलता ते वस्तीत निघत. कोणाचे रेशनकार्ड, कोणाच्या पोराचा दाखला, कोणाच्या नळाला पाणी नाही. ते बोलू लागले की अधिकारी खुर्चीत सरळ होऊन बसत. मी दाराआड मशीन चालवत ऐकायची. आमच्या समाजातून हा माणूस पार्षद झाला पाहिजे, असे लोक म्हणत आणि मलाही तसेच वाटे.

नोकरीत असताना निवडणूक लढता येत नाही, म्हणून त्यांनी मुदतीआधीच रिटायरमेंट घेतली. क्वार्टर सोडून आम्ही कुरुदला आलो. त्यानंतर वॉर्डांचे आरक्षण निघाले आणि आमचा वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाला. त्या दिवशी घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्यांची कीव आली, हे खरे आहे. काही दिवसांनी उठले आणि म्हणाले, "फॉर्म तुह्या नावानं भरू. तुले काई करा लागत नाई. सई करायची अन् खुर्चीवर बसायचं. बाकी मी पायतो."

मी सार्वजनिक कामात आले ती अशी आले. कोणाची हाक ऐकून नाही, नवऱ्याच्या जागी उभी राहिले म्हणून. बॅनरवर माझा फोटो लहान आणि त्यांचा मोठा होता. निवडून आल्यावर लोक त्यांना "पार्षदजी" म्हणत आणि मला "भाभीजी". निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या कचेरीत माझ्या खुर्चीवर ते बसत, मी बाजूच्या स्टुलावर. मला त्याचा राग येत नव्हता. काम ते चांगले करत होते.

पण बायका मात्र मलाच भेटायला येत, ब्लाउज शिवायचे निमित्त काढून. त्यांत चंपा होती. आमच्या वॉर्डातल्या तलावाकाठी तिचे घर. तिच्यासारख्या छत्तीसगढी मजूर कुटुंबांची पूर्ण ओळ तिथे होती. माप घेताना ती हळूच सांगायची, तलावाकाठी सडक नाही, दिवा नाही. मी रात्री जानरावांना सांगायची आणि ते काम करून आणायचे. असे आमचे चालले होते.

मग तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला. एका बिल्डरचा तो होता. चांगला बगीचा, दुकाने आणि त्यासाठी काठची घरे हटवायची. जानरावांनी त्याला होकार देऊन टाकला होता. मी त्यांना विचारले की माणसे कुठे जातील, तर म्हणाले, "वॉर्ड सुधारून राहिला, तुले समजत नाई. परवा सभेत हात वर करजो, बस."

सभेच्या सकाळी चंपा आणि तलावाकाठच्या बायका निगमाच्या दारात बसल्या होत्या. तिने माझा पदर धरला. "दीदी, हमन कहाँ जाबो?" आम्ही कुठे जायचे, असे ती विचारत होती. मी पदर सोडवून आत गेले. सभागृहात प्रस्ताव वाचला गेला. आमच्या पक्षाच्या बाकावरचे सगळे हात वर गेले. जानराव वर प्रेक्षकांत बसून माझ्याकडे पाहत होते. माझा हात मांडीवरून उठला नाही. अध्यक्षांनी माझे नाव घेतले, तेव्हा मी उभी राहिले. हिंदीत एवढेच बोलले, "ये मेरा वार्ड है. पहले बताइए, इन लोगों को कहाँ रखोगे? तब तक मेरी ना है." त्याआधी मी त्या सभागृहात तोंड उघडले नव्हते. प्रस्ताव त्या दिवशी परत गेला.

घरी जानराव ओरडले असते तर बरे झाले असते. ते कपड्यांची पिशवी भरत होते. म्हणाले, "नौकरी सोडली मी. तुह्यासाठी नाई सोडली." आणि अमरदीपकडे निघून गेले. त्यानंतर खुर्चीवर मी बसू लागले. पहिले काही महिने मला अर्जसुद्धा नीट वाचता येत नव्हता. संघमित्रा कॉलेजातून येऊन समजावून सांगायची. शिकले. पुढच्या निवडणुकीत जानराव माझ्याविरुद्धच्या उमेदवारासाठी दारोदार फिरले आणि मी पडले. नव्या सभेने तोच प्रस्ताव मंजूर केला. घरे पाडली, तेव्हा मी बुलडोझरसमोर उभी होते. पण मी कोणीच नव्हते, शिपायाने मला हाताने बाजूला केले. माणसांना शहराबाहेरच्या इमारतींत नेऊन टाकले. मी एकटीने हो म्हटले असते तर काय वेगळे झाले असते, हे मला कोणी सांगू शकत नाही. नवरा मात्र गेला.

३. माझे शिलाई मशीन, कात्र्या आणि कपड्यांचे कपाट चंपाला द्यावे. ती आता लांब राहते, तिथे कामाला जायला सवारी मिळत नाही. बसल्या जागी कमावेल. ती माझ्याशी बोलत नाही. मी वाचवीन असे तिला वाटले होते. मशीन घेणार नाही म्हणाली तर दारात ठेवून यावे.

४. माझ्या अंत्ययात्रेत त्रिशरण-पंचशील म्हणावे. शोकसभेत पक्षाच्या लोकांनी भाषण करू नये. माझ्या जिवंतपणी त्यांनी मला कधी बोलू दिले नाही.

५. संघमित्रा पुढची निवडणूक लढवायची म्हणते. हे मृत्युपत्रात द्यायचे नसते, तरी सांगते. मला भीती वाटते. तुझ्या नवऱ्याला विचारून नाही, माझ्या नावावर नाही, स्वतःला वाटले तरच उभी राहा. आणि सभागृहात पहिल्याच दिवशी बोल. उशीर केला की फार महाग पडते.

६. कलम दोनबद्दल आणखी. मागच्या वर्षी जानरावांना लकवा मारला. डावे अंग गेले, बोलणे शाबूत आहे. अमरदीपचा फोन आला, "मम्मी, अब मुझसे नहीं होता. बाबाले तू घेऊन जाय, नाई तं आश्रमात टाकतो." मी आधी कच्च्या मसुद्यात मागची खोली लिहिली होती. तिथे धान्याचे पोते, शिडी, अंधार. जो माणूस जन्मभर माणसांत उठला-बसला, तो तिथे लवकर मरेल आणि गप्प मरेल. म्हणून पुढची. तिथे दिवसभर लोक कामे घेऊन येतात, त्यांचे अर्ज कसे लिहायचे ते जानरावांना तोंडी सांगता येईल.

काल रिसालीला जाऊन त्यांना हे वाचून दाखवले. कलम दोन त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले,

"त्या दिवशी हात कावून नाई उचलला?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारले नव्हते. मी म्हटले, "चंपानं विचारलं तं मले उत्तर नाई देता आलं. तुमच्यापाशी होतं का?"

ते म्हणाले, "नोयतं."

मग म्हणाले, "मले खोली नको. साक्षीदार म्हणून माही सई घे. उजवा हात चालते अजून."

वकीलबाईंनी सांगितले आहे की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी त्यांना तसे सांगितले. "म्हणूनच तं खोली नको म्हनून राहिलो," ते म्हणाले. मी म्हटले, "साक्षीदार मले कोणीबी भेटते. खोली घ्या."

मी निघाले तेव्हा ते उजव्या हाताने डोळे पुसत होते. कलम तसेच ठेवले आहे. खोलीला चुना मारून घेतला आहे, खाट टाकली आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला. माझ्या मर्जीप्रमाणे तो बरोबर आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

ठिकाण: भिलाई
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: ललिता जानराव रंगारी (सही)

साक्षीदार:
१. सुशीला भाऊराव गजभिये, राहणार चरोदा (सही)
२. पियूष देवाजी खोब्रागडे, राहणार कुरुद (सही)