हर्षदाच्या वर्गातला धोटा

डिंडोली, सुरत

दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, भूपेंद्रचं काम नीट चाललंय.

तुला मात्र खरं सांगतो. गेल्या महिन्यात शेठने आमचे सगळे माग भंगारात घातले आणि पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे बसवले. त्यांना धागा नेणारा धोटा लागत नाही, आणि आम्हीही लागत नाही. निघताना एक धोटा तेवढा उचलून आणला.

आपली हर्षदा आता दुसरीत आहे. तिच्या बाई घरातल्या वस्तूंवरून इतिहास शिकवतात म्हणे. कुणी अडकित्ता नेला, कुणी कंदील, हिने धोटा. बाईंनी मलाही माहिती सांगायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, मूर्खासारखा.

धोटा इकडून तिकडे कसा पळतो, मागे धागा कसा सोडतो, ते मी हाताने करून दाखवलं. एका पोराने विचारलं, "हे चालवणारे लोक आता कुठे असतात?"

मी तोंड उघडायच्या आत बाई गोड हसून म्हणाल्या, "ते जुन्या काळी होते, बाळा. आता नाहीत."

मी तिथेच फळ्यापाशी उभा होतो, दादा.

घरी आल्यावर हर्षदाची वही बघितली. तिनेही लिहिलंय, 'धोटा चालवणारे लोक आता नाहीत.' खाली बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण आहे.

अक्षर मात्र सुरेख आहे पोरीचं. आईला तेवढं नक्की सांग.

तुझा धाकटा,
भूपेंद्र