पोरींची मूठ

१५ जानेवारी २००६, रविवार

धान्य गोळा करणाऱ्या नऊपैकी पाच जणी आज आल्याच नाहीत! निरोपसुद्धा नाही. उरल्या चार — शकुन, पंचफुला, माणिकबाई, हीना.

महिन्यापूर्वी काय तोरा होता आमचा! अकोल्यातल्या शंभरावर घरांत डालड्याचे रिकामे डबे वाटले, वर चिठ्ठी चिकटवली — 'पोरींची मूठ'. रोज स्वयंपाकाला बसण्याआधी घरच्या बाईने एक मूठ धान्य त्यात टाकायचं. रविवारी आमची बाई येऊन पोत्यात ओतून नेणार. वसतिगृहातल्या सव्वीस पोरी त्यावर जेवणार. सगळ्या तेल्हाऱ्याकडच्या. यंदा पीक बुडालं, घरून खानावळीला काही येत नाही. शेषराव स्वयंपाकी म्हणतो, आठ दिवसांचं धान्य आहे. बारावीची परीक्षा वीस मार्चला संपते, तोवर चूल चालली पाहिजे. मागच्या दिवाळीला अशाच सहा पोरी घरी गेल्या. एकही परत आली नाही.

शकुनने पोतं ओसरीवर आपटलं आणि रडायलाच लागली. "दार वाजवलं की बाया आतूनच म्हनतात, विसरलो बाप्पा, पुढच्या हप्त्यात या. मी भाजी इकतो, कोनापुढं हात पसरत नाई. मंग हे कायले करू? मी आता येत नाई, बाई."

मी तिला काय सांगणार? पहिल्या रविवारी मीही एक दार वाजवलं होतं. "काय हो, रिटायर झाल्यावर मास्तरीनबाईवर ही पाळी आली काय?" एवढं ऐकलं आणि तशीच घरी आले. तेव्हापासून मी फक्त माप धरते. चौतीस वर्षं वर्गात कोणाला भ्याले नाही, आणि बंद दाराला भिते!

हे इथेच लिहिता येतं. उर्दू शाळेत मराठी शिकवण्याचा हाच एक फायदा — मी लिहिते मराठीत, आणि माझ्या नवऱ्याला, वलींना, मराठी वाचायचा कंटाळा; त्यामुळे वही सुरक्षित.

१८ जानेवारी

शकुन गेली की बाकीच्या तिघी जाणार. जेवण जात नाही.

२२ जानेवारी, रविवार

केलं!

शकुन मोठ्या मिनतवारीने आली, 'हे शेवटचं' म्हणूनच. पोत्यात ओंजळभर दाणे. ती आत चहा ठेवायला गेली, बाकीच्या अजून यायच्या होत्या. मी कोठीतला दोन पायली गहू काढला आणि तिच्या पोत्यात ओतला. डोळा सारखा आतल्या दाराकडे, जणू चोरी करतेय. चोरीच की — फक्त उलटी.

माप केलं तर शकुनचं पोतं सगळ्यांत जड. ती बघतच राहिली. पोत्यात हात घातला, मूठभर दाणे वर काढले, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला! मग हसली. "आज लोकायले देव आठवला वाटते."

मी लगेच जाहीर करून टाकलं — दर रविवारी जिचं पोतं जड ती त्या आठवड्याची मानकरीण. पंचफुला फुलं विकते. तिने टोपलीतला शेवंतीचा गजरा काढून शकुनच्या अंबाड्यात माळला. शकुन पुढच्या रविवारी येणार आहे. येणार!

२४ जानेवारी

वली जेवताना म्हणाले, "अकीला, कोठी में चूहे लग गए क्या? गेहूँ इतना नीचे कैसे गया?" मी म्हटलं, लगे होंगे. बिचारे दुकानातून येताना पिंजरा घेऊन आले. दिवसभर लोकांच्या गाद्या भरतात आणि घरी आल्यावर पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवतात. उंदीर समोर बसून जेवतो आहे, हे त्यांना कुठे ठाऊक!

२९ जानेवारी, रविवार

आज मी कोणाच्याच पोत्यात काही टाकलं नाही. टाकण्यासारखं कोठीत राहिलंच नाही. तरी चौघींची पोती जड!! माणिकबाईचं पोतं तर दोघींनी धरून ओसरीवर चढवलं. तीच मानकरीण. पासष्टीची बाई, गजरा माळून नव्या नवरीसारखी मुरडत गेली.

मी भाषणच ठोकलं. लोक वाईट नसतात, आपण दाराशी उभं राहायला हवं, आपली उमेद पाहिली की समोरच्याचा हात सैल होतो — मी, जी एका दारातून पळून आले! चौघी एकमेकींकडे पाहून हसत होत्या. मला वाटलं, भाषण आवडलं.

५ फेब्रुवारी, रविवार

पोती पुन्हा भरलेली. मी स्वतः शेषरावकडे पोचवायला गेले. तो दाणे चाळताना म्हणाला, "बाई, एक इचारू? पयले तुमच्या पोत्यात समदं मिसळून ये. ज्वारी, गहू, तांदूय, कोनाचा जाडा, कोनाचा बारीक. आता एका पोत्यात एकच दाना येऊन राहिला. हे पंचफुलाबाईचं पाहा — निरा रेशनचा लाल गहू. तीस घरं अन् एकच दाना?"

मी म्हटलं, सगळे रेशनचंच खातात हो हल्ली. हसलेसुद्धा.

८ फेब्रुवारी

पंचफुलाच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन आले. आत शिरायची छाती झाली नाही. कोपऱ्यावर नत्थुजींचा पानठेला आहे, त्यांनाच विचारलं. "पोतंवाली बाई? तिले पाह्यल्याले पंधरा दिवस झाले. इकडे फिरकतच नाई."

म्हणजे पंचफुला दारं वाजवतच नाही. घरातलं आणून ओतते. घरी नवरा, सासू, दोन लेकी. आणि बाकीच्या तिघी? त्यांच्याही पोत्यांत एकेकच दाणा आहे.

बोलायला हवं. पण बोलले तर माझ्या दोन पायली आधी बाहेर येतील. चौघी निघून जातील. शेषरावची चूल विझेल. परीक्षा संपायला चाळीस दिवस आहेत फक्त. चाळीस दिवस गप्प बसलं तर सव्वीस पोरी पेपर देऊन जातील.

गप्प बसायचं ठरवलं आहे. लिहिताना माझीच मला भीती वाटते आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

पंचफुला मानकरीण. तिनेच आणलेला गजरा मी तिच्याच डोक्यात माळला. हिची मान इतकी बारीक कधी झाली? बांगड्या खाली घसरतात म्हणून कोपरापर्यंत चढवून ठेवल्यात.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात माझ्या.

१६ फेब्रुवारी

वसतिगृहातली वर्षाली निबंध तपासून घ्यायला आली. छान लिहिलाय. गाल भरलेत पोरीचे. मला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज सांगणारच होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "शाब्बास गं बायांनो, आता महिनाच राहिला." भित्री कुठली!

२२ फेब्रुवारी

पंचफुला पडली.

सकाळी फुलबाजारात टोपली उचलताना चक्कर आली, तिथेच कोसळली. दवाखान्यात पोचले तेव्हा सलाईन लावलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "यांचे उपवास चालू आहेत का?" सासू कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "एक टाइम खाऊन राहिली. इचारलं तं म्हने, बाजारात खाल्लं."

शकुन बाहेरच्या बाकावर होती. मी तिच्याशेजारी बसले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं — कोठी, दोन पायली, चहा, पोतं. वाटलं होतं चिडेल.

"मले तवाच समजलं, बाई. गव्हात निंबाचा पाला होता. मूठ मूठ मांगून आनलेल्या दान्यात पाला कुठून येईन? तो तं कोठीतलाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी भ्यालेल्या दिसत होत्या. तुमचं मन मोडू नये वाटलं. मंग मीच तिघींना सांगतलं. म्हनलं, बाई सोताच्या घरचं टाकून राहिल्या अन् आपन रिकामे पोते घेऊन जातो. बाई खचल्या तं समदंच बसलं. म्हून ठरवलं, आपापल्या घरचं आनू, लोकायच्या दारी नाई जाव. तसंही लाजच वाटे."

मी त्यांची उमेद टिकवत होते म्हणे! भाषणं देत होते! आणि त्या चौघी माझी उमेद टिकवण्यासाठी घरची पिठाची डबी खरवडत होत्या. वर मी गजऱ्याची शर्यत लावली. पंचफुलाला त्या गजऱ्याची हौस होती, हे मला दिसत होतं. दिसत होतं!

घरी येऊन वलींना सगळं सांगितलं. ते उठले, कोपऱ्यातला पिंजरा उचलला आणि माळ्यावर टाकून आले.

२६ फेब्रुवारी, रविवार

पंचफुलाचं पोतं घेऊन मीच तिच्या गल्लीत गेले. पहिल्या दारापुढे किती वेळ हात उचलून उभी होते! शेवटी वाजवलं.

एक बाई बाहेर आली. पोतं पाहिलं आणि माझ्यावरच डाफरली, "महिना झाला! काहून नाई आलं कोनी?" आत गेली. दोन्ही हातांनी डबा उचलून आणला. काठोकाठ. वर आणखी एक भरलेलं पातेलं.

"पयले विसर पडे. मंग सवय लागली, रोज टाकतो. पोरींच्या नावाची मूठ, घरात कशी वापराव? पाहा, किडे लागले."

दुसऱ्या घरी भरलेला. तिसऱ्या घरी भरलेला. सातव्या घराशी पोतं उचलेना.

पंचफुला अजून दवाखान्यात आहे. तिला हे कोणत्या तोंडाने सांगू?