चुलीमागच्या भिंतीवरचं बी

आई,

यंदा परसात तवशाचा वेल मांडव सोडून पत्र्यावर चढलाय, आणि मी दिवसातून चार वेळा उगाचच त्याच्याखाली जाऊन उभा राहतो. तू म्हणाली असतीस, "नजर लावतुयास व्हय रं?" लावतो. मी उरवड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो तोवर भावकीत सगळ्यांनी परसात भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. मी झाडं लावली, तर मला येड्यात काढलं. आज माझ्याकडे धुण्याच्या दगडामागे कमरेएवढं अळू आहे, लिंबाच्या फांद्या वाकल्यात. कपड्यांच्या तारेला शिंजिरानं घरटं बांधलं, तर पिल्लं उडेपर्यंत आम्ही कपडे गच्चीवर वाळत घातले. भारद्वाज सकाळी असा चालत येतो, जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे. अभिमान वाटतो, अगदी छाती फुगवून वाटतो.

रविवारी सकाळी शेजार जमतो. समोर भाताची खाचरं होती तिथे आता इमारत आहे, तिथली चार-पाच माणसं येतात. कुंपणापलीकडची काकूही येते, तुझ्याबरोबर लावणीला जायची आणि तुला वहिनी म्हणायची ती. मी तवसं चिरून तिखटमीठ लावतो. इमारतीतली एक मुलगी विचारते, "काका, हे ऑरगॅनिक आहे ना?" काकू म्हणते, "आगं, काकडी हाय ती. खा गुमान."

अशा वेळी तुझं जुनं स्वयंपाकघर समोर येतं. वेलावरच्या सगळ्यात मोठ्या तवशाला तू चिंधी बांधून ठेवली आहेस. मी हात लावतो आणि पाठीत धपाटा बसतो. "त्याला शिवायचं न्हाई. त्ये फुडल्या सालाचं हाय." ते पिवळं पडलं की तू बी काढतेस, शेणात आणि राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीवर भाकरीएवढं थापतेस. उरलेलं घेऊन काकूच्या भिंतीवरही थापून येतेस.

तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी स्वयंपाकघर नवं केलं. ओटा, फरशी, भिंतींना ऑइलपेंट. गवंड्यानं विचारलं, "ह्ये शेण खरवडू का?" मी म्हणालो, "खरवडा की, घाण आहे सगळी." पावसाळ्यात मांडव रिकामा राहिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाजारातल्या पुडीतलं बी लावून पाहिलं, ते चवीला नुसतं पाणी. मग मी तवसं लावणंच सोडलं. निवृत्त झालो त्या वर्षी काकू कुंपणाशी आली, हातात वाळल्या शेणाची चकती. "तुज्या आयचं बी हाय. दरसाल लावती, दरसाल थापती. तू कदी इचारलंच न्हाईस."

गेल्या रविवारी त्या मुलीनं बी मागितलं. म्हणाली, "काका, आईचं बी इतकी वर्षं तुम्ही जपलंत!" मी म्हणालो, "हो, जपलं." काकू शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची फोड उचलली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आज चिंधीचं तवसं तोडलं. यंदा बी आपल्याच घरात ठेवायचं म्हणून शेण कालवलं आणि भिंतीवर थापलं. ऑइलपेंटवर ते धरेना. दोनदा थापलं, दोनदा घसरून ओट्यावर पडलं. शेवटी घमेलं उचलून काकूकडे गेलो. चुलीमागचे डबे बाजूला करून तिनं जागा दिली. थापता थापता मी म्हणालो, "काकू, त्या पोरीला रविवारी खरं सांगतो."

"सांग, न्हाईतर नगं सांगू. आधी हात धू."

रविवारी मला जमेल की नाही, माहीत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे तरी लिहितो. बी काकूनं जपलं, आई. आपल्या घरात मी त्याला भिंतच ठेवली नाही.